वाचनखुणा आणि त्यांची सूची : प्रस्तावना

इंटरनेटवर एखादे पान कामाचे वाटले की त्याची खूण ठेवायची, ही सवय आता तीस वर्षांची झाली. पत्त्याच्या पट्टीशेजारचा तारा दाबला की काम संपते, आणि ते इतके सोपे असते म्हणूनच पुढे फसते. चार-पाच वर्षांत अशा शेकडो खुणा साठतात, त्यांतल्या बऱ्याच ‘नवीन फोल्डर’ नावाच्या फोल्डरात पडून राहतात, आणि ऐन गरजेच्या वेळी हवे ते पान सापडत नाही म्हणून माणूस पुन्हा गूगलकडे वळतो. या पुस्तिकेचा विषय ही साठवण आहे : वाचनखुणा कशा ठेवाव्यात, त्यांना टॅग कसे द्यावेत आणि त्या वर्षानुवर्षे कशा टिकवाव्यात. उदाहरणे बहुतेक सोलापूरची घेतली आहेत. या शहराची माहिती मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू आणि इंग्रजीत, दोन-तीन वेगवेगळ्या नावांनी आणि सरकारी, न्यायालयीन, अभ्यासकीय अशा नाना ठिकाणी विखुरलेली आहे. खुणा ठेवण्याच्या पद्धतीची खरी कसोटी अशाच विषयावर लागते. माझे म्हणणे एकच आहे. वाचनखुणेतला पत्ता हा तिचा सर्वांत कच्चा भाग. तिचे मोल असते ते त्या पत्त्याशेजारी आपण लिहिलेल्या चार शब्दांत. तेव्हा वाचनखुणा ठेवणाऱ्याने स्वतःला संग्राहक समजू नये, सूचीकार समजावे. आणि सूचीकाराची शिस्त मराठीला नवी नाही.

शंकर गणेश दाते यांची ‘मराठी ग्रंथसूची’ १९४३ मध्ये प्रसिद्ध झाली. १८०० ते १९३७ या काळातली मराठी पुस्तके तिच्यात नोंदलेली आहेत. १९३८ ते १९५० या वर्षांचा पुढचा भाग १९६१ मध्ये आला. अभ्यासक तिला नुसते ‘दाते सूची’ म्हणतात आणि आजही तिच्याशिवाय त्यांचे पान हलत नाही. राज्य मराठी विकास संस्थेने तिचे पुनर्मुद्रण केले ते काही जुन्या ग्रंथाविषयीच्या हळवेपणातून नव्हे, ती अजून वापरात आहे म्हणून. या सूचीत एकही पुस्तक नाही. आहेत त्या पुस्तकांच्या नोंदी. लेखक कोण, नाव काय, छापले कधी, विषय कोणता, एवढ्याच. पण एकोणिसाव्या शतकातल्या ज्या पुस्तकांची प्रत आज सहजासहजी हाती लागत नाही, त्यांपैकी कितीतरी पुस्तके अस्तित्वात होती हे आपल्याला या नोंदींमुळेच कळते, आणि ती कुठे शोधावीत याचा मागही त्यांच्यातूनच लागतो. पुस्तक दुर्मीळ झाल्यावर नोंदीचे मोल उतरले नाही, उलट वाढले. वाचनखुणेच्या बाबतीत नेमके हेच घडते, फक्त फार लवकर. छापील पुस्तक दुर्मीळ व्हायला पन्नास वर्षे लागतात. वेबपानाला पाचसुद्धा पुरतात.

हे अतिशयोक्तीने म्हटलेले नाही. अमेरिकेतल्या प्यू रिसर्च सेंटरने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत २०१३ साली अस्तित्वात असलेल्या वेबपानांपैकी ३८ टक्के पाने दहा वर्षांनंतर उघडत नव्हती, आणि विकिपीडियाच्या तपासलेल्या पानांपैकी ५४ टक्के पानांच्या संदर्भांत किमान एक दुवा मेलेला होता. पाने मरतात तशा पानांच्या खुणा सांभाळणाऱ्या सेवाही मरतात, आणि त्यांचा इतिहास तर अधिकच बोधक आहे. वाचनखुणा इंटरनेटवर ठेवायच्या, त्यांना टॅग द्यायचे आणि त्या सर्वांना दिसू द्यायच्या, ही कल्पना २००३ मध्ये जोशुआ शॅक्टर यांच्या ‘डेलिशियस’ने रुजवली. याहूने २००५ मध्ये ती सेवा विकत घेतली, २०११ मध्ये विकून टाकली, पुढे ती आणखी हातांत फिरली, आणि २०१७ मध्ये ‘पिनबोर्ड’ या छोट्या प्रतिस्पर्ध्याने घेऊन ती केवळ वाचण्यापुरती उरवली. गूगलने स्वतःची बुकमार्क सेवा ३० सप्टेंबर २०२१ रोजी बंद केली. ‘नंतर वाचू’ म्हणून लेख साठवण्यासाठी लाखो लोक वापरत असलेले मोझिलाचे ‘पॉकेट’ ८ जुलै २०२५ रोजी मिटले. यांतली एकही कंपनी गरीब नव्हती. तेव्हा मोठ्या कंपनीकडे ठेवले म्हणजे सुरक्षित राहिले, हा समज सोडलेला बरा.

डेलिशियस गेले, पण त्याने एक गोष्ट शिकवली. लोकांनी आपापल्या मनाने दिलेले टॅग म्हणजे नुसता गोंधळ होईल, असे ग्रंथालयशास्त्राच्या अनेक जाणकारांना वाटत होते. स्कॉट गोल्डर आणि बर्नार्डो ह्युबरमन यांनी डेलिशियसवरच्या नोंदी तपासल्या तेव्हा चित्र वेगळे निघाले : एखाद्या पानाला साधारण शंभरेक लोकांनी खूण ठेवली की त्याच्या टॅगांचे परस्पर प्रमाण जवळपास स्थिर होते. कोणी समिती न नेमता, कोणी नियम न करता शब्दांवर एकमत होत जाते. हे खरे असले तरी त्यावरून घाईने निष्कर्ष काढू नये, कारण आपल्या घरच्या संगणकावरच्या खुणांना शंभर लोक टॅग देत नसतात. देणारा एकच आणि शोधणाराही एकच. मग एकट्या माणसाच्या शब्दांवर किती भिस्त ठेवावी? जॉर्ज फर्नास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये दाखवून दिले होते की एकाच वस्तूला दोन माणसे आपापल्या मनाने एकच नाव देतील, याची शक्यता २० टक्क्यांहूनही कमी असते. माझ्या मते आजचे आपण आणि पाच वर्षांनंतरचे आपण हीदेखील पुष्कळ अंशी दोन माणसेच असतात. आज ‘गिरणी’ लिहिणारा पाच वर्षांनी ‘मिल’ शोधतो. फर्नासांनी सुचवलेला उपाय साधा होता : एका वस्तूला एकच अचूक नाव शोधत बसू नका, तिला सुचतील तितकी नावे द्या. टॅग देणाऱ्याने हा उपाय जन्मभर लक्षात ठेवावा.

सोलापूरवर काम करणाऱ्याला तर त्याशिवाय गत्यंतरच नाही. इंग्रजी राजवटीच्या कागदपत्रांत या शहराचे नाव ‘शोलापूर’ आहे. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा विसावा खंड १८८४ मध्ये निघाला तो ‘शोलापूर’ या नावाने, आणि स्वातंत्र्यानंतरही कित्येक वर्षे कायद्याच्या भाषेत तेच नाव चालू राहिले. गावात जिला सगळे जुनी मिल म्हणतात ती शोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी १९४९ मध्ये बंद पडली. जानेवारी १९५० मध्ये केंद्र सरकारने वटहुकूम काढून तिचा कारभार हाती घेतला आणि नंतर त्यासाठी कायदाही केला. त्याविरुद्ध चरणजित लाल चौधरी या भागधारकाने सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. १९५० च्या डिसेंबरात ती फेटाळली गेली. द्वारकादास श्रीनिवास या दुसऱ्या भागधारकाच्या खटल्यात मात्र १९५३ मध्ये न्यायालयाने वटहुकूम अवैध ठरवला. मालमत्तेचा हक्क आणि कायद्यापुढची समानता यांविषयीचे हे दोन निकाल देशभरच्या विधी महाविद्यालयांत आजही शिकवले जातात. सोलापूरच्या गिरणीने भारतीय राज्यघटनेच्या अर्थात घातलेली ही भर, आणि निकाल ‘इंडियन कानून’सारख्या संकेतस्थळांवर फुकट वाचायला मिळतात. पण ‘सोलापूर जुनी मिल’ असे मराठीत लिहून शोधणाऱ्याच्या हाती ते लागतीलच असे नाही, कारण निकालाचा मजकूर इंग्रजी, त्यातले शहर शोलापूर, आणि ‘जुनी मिल’ हा शब्द न्यायमूर्तींना माहीत असण्याचे कारण नव्हते. ज्याने हे पान एकदा शोधून काढले त्याने खुणेशेजारी ‘सोलापूर, शोलापूर, जुनी मिल, गिरणी, सर्वोच्च न्यायालय, १९५०’ एवढे लिहिले आणि ‘मिल सरकारने ताब्यात घेतली त्याविरुद्ध भागधारकाचा खटला, फेटाळला’ असे एक वाक्य जोडले, की गावातली भाषा आणि न्यायालयाची भाषा यांच्यामध्ये पूल बांधला जातो. हा पूल दुसरे कोणी बांधून देत नाही.

१९३० चे उदाहरण याहून बोलके आहे. त्या वर्षीच्या मे महिन्यात सोलापुरात मार्शल लॉ पुकारला गेला, आणि १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना येरवड्याच्या तुरुंगात फाशी दिली गेली. शहर त्यांना ‘चार हुतात्मे’ म्हणते. राष्ट्रीय अभिलेखागाराच्या ‘अभिलेख पटल’ या पोर्टलवर ब्रिटिश सरकारच्या त्या काळातल्या फायली पाहता येतात, पण त्या पानांच्या प्रतिमा आहेत. आतला टंकलिखित किंवा हाताने लिहिलेला मजकूर शोधयंत्राला वाचता येत नाही. फाइल सापडते ती कोण्या कारकुनाने तिच्या मथळ्यात लिहिलेल्या ओळीवरून. त्या ओळीत ‘हुतात्मा’ हा शब्द असणे शक्यच नाही. राज्यकर्त्यांच्या लेखी ते गुन्हेगार होते. म्हणजे दुसऱ्याने केलेल्या नोंदीत दुसऱ्याची दृष्टी येते, आणि आपल्या टॅगांत आपली. डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचेही तसेच. १९१० मध्ये सोलापुरात जन्मलेले हे डॉक्टर १९३८ च्या भारतीय वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले आणि १९४२ मध्ये तिथेच वारले. चीनमध्ये त्यांना ‘के दीहुआ’ या नावाने ओळखतात, आणि त्या नावाने चिनी भाषेत त्यांच्यावर जे लिहिले गेले आहे ते ‘कोटणीस’ शोधणाऱ्या मराठी वाचकासमोर येत नाही. एका माणसाच्या खुणेला तीन लिप्यांत टॅग लागतात ते असे. गावात पद्मशाली विणकरांमुळे तेलुगू आहे, अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूरच्या बाजूला कन्नड आहे, शिवाय उर्दूची जुनी परंपरा आहे. त्या भाषांतल्या पानांना निदान एक मराठी टॅग दिला नाही, तर ती पाने मराठी अभ्यासकापुरती नसल्यातच जमा.

यावर नेहमीचा आक्षेप येतो, आणि तो हलक्याने उडवून लावण्यासारखा नाही : गूगल असताना ही उठाठेव कशाला? हवे ते शोधून मिळते, रोज अधिक चांगले मिळते, मग ज्याची आठवण यंत्राला आहे ते आपण का लिहून ठेवायचे? इंग्रजीत काम करणाऱ्याच्या बाबतीत या आक्षेपात बरेच तथ्य आहे. मराठीच्या बाबतीत कमी आहे, आणि त्याची कारणे अगदी तांत्रिक आहेत. युनिकोड रुळण्यापूर्वी मराठी संकेतस्थळे, वृत्तपत्रे आणि सरकारी खाती श्रीलिपी, कृतीदेव यांसारखे निरनिराळे फाँट वापरत. अशा पानावर डोळ्यांना मराठी दिसते, पण संगणकात साठलेली असतात ती रोमन अक्षरे आणि चिन्हे यांची निरर्थक रांग. ‘सोलापूर’ म्हणून शोधले तर त्या पानात ‘सोलापूर’ नसतेच. तसल्या कागदांच्या पीडीएफ फायली आजही सरकारी संकेतस्थळांवर आहेत. जुनी पुस्तके आणि गॅझेटियरे यांच्या स्कॅन प्रतींचे यंत्राने केलेले वाचन इंग्रजीत बरे असते, देवनागरी जोडाक्षरांवर ते अजूनही अडखळते. त्यात शुद्धलेखनाची भर : सोलापूर आणि सोलापुर, पंढरपूर आणि पंढरपुर. पत्त्याचीही गंमत आहे. देवनागरी पत्ता दुसरीकडे चिकटवला की पुष्कळदा त्याचे टक्केचिन्हांच्या माळेत रूपांतर होते; दर अक्षरचिन्हाला नऊ रोमन चिन्हे या हिशेबाने एकट्या ‘सोलापूर’ची त्रेसष्ट होतात. अशा पत्त्याकडे पाहून पान कशाबद्दल आहे हे कोणालाही सांगता येणार नाही. थोडक्यात, पाश्चात्त्य वाचकाला टॅग ही सोय वाटत असेल. मराठी वाचकासाठी कित्येक पानांची ती एकमेव कडी आहे, जिला धरून दार उघडता येते.

शोधयंत्राची दुसरी अडचण भाषेची नाही. शोधण्यासाठी आधी आठवावे लागते. एखाद्या गोष्टीविषयी आपण काही वाचले होते हेच विसरलो असलो, तर ती कोणी शोधत नाही. टॅगांची यादी डोळ्यांखालून घातली की ‘विणकर’ या शब्दाखाली सात वर्षांपूर्वीचे पान अचानक समोर येते, आणि सोलापुरी चादरीच्या भौगोलिक मानांकनावरच्या कागदाशेजारी ते ठेवल्यावर दोन्हींचा अर्थ बदलतो. शोधयंत्र विचारल्याचे उत्तर देते. सूची न विचारलेलेही पुढे करते. शिवाय शोधाचे निकाल माणसागणिक आणि दिवसागणिक बदलतात. आज पहिल्या पानावर आलेले उद्या पाचव्यावर जाते, आणि पाचव्या पानापर्यंत कोणी जात नाही. आता प्रश्नाला थेट उत्तर देणारी यंत्रे आली आहेत, त्यामुळे दुवेच लागणार नाहीत असे म्हणणारेही भेटतात. मला ते उलटे वाटते. उत्तर जितके गुळगुळीत, तितके ते मूळ कागदाशी ताडून पाहण्याची गरज अधिक, आणि ताडून पाहायला मूळ कागद कुठे आहे हे आपल्याला ठाऊक असावे लागते. यापेक्षा अधिक त्या वादात शिरण्याची इथे गरज नाही.

फोल्डर की टॅग, हा वादही जुना आहे. फोल्डरवाल्यांचे म्हणणे असे की टॅग वाढत जातात, पन्नासाचे पाचशे होतात आणि शेवटी पसारा तो पसाराच राहतो. त्यापेक्षा दहा नीट फोल्डर बरे. पसाऱ्याची भीती खरी आहे, उपाय मात्र चुकीचा. फोल्डरात पान एकाच जागी बसते. नान्नजच्या माळढोक अभयारण्यावरचे पान पक्ष्यांत ठेवायचे, शेतजमिनींत की न्यायालयीन वादांत? १९७९ मध्ये जाहीर झालेले हे अभयारण्य कागदावर सुमारे साडेआठ हजार चौरस किलोमीटरचे होते. त्यात गावे, शेते आणि रस्ते आले, जमिनीच्या व्यवहारांवर निर्बंध आले, आणि २०१२ मध्ये ते सुमारे बाराशे चौरस किलोमीटरवर आणले गेले. हा विषय तिन्ही कप्प्यांचा आहे. एस. आर. रंगनाथन यांनी १९३३ च्या आपल्या द्विबिंदू वर्गीकरणात याचे उत्तर देऊन ठेवले आहे : विषयाला एका खणात कोंबू नका, त्याचे पैलू पाडा. त्यांचे पाच पैलू ग्रंथालयांसाठी होते. वाचनखुणांना स्थळ, काळ, विषय आणि कागदाचा प्रकार एवढे चार पुरतात. ‘नान्नज, २०१२, माळढोक, अधिसूचना’. चार प्रश्न ठरलेले असले की टॅग आपोआप आवरतात, कारण प्रत्येक पानाला तेच चार प्रश्न विचारायचे असतात. ‘महत्त्वाचे’, ‘छान’, ‘नंतर वाचणे’ असले टॅग मात्र मुळीच देऊ नयेत. सहा महिन्यांनी सगळेच महत्त्वाचे झालेले असते आणि काहीच वाचलेले नसते. नावे नसलेल्या किल्ल्यांचा जुडगा जसा वजनानेच जाणवतो, तशी मग ती साठवण होते.

चारांपैकी काळ हा पैलू सर्वांत दुर्लक्षित, आणि माझ्या मते सर्वांत मोलाचा. वेबपानावर पुष्कळदा तारीख नसते, आणि असली तरी ती शेवटच्या डागडुजीची असते. म्हणून पान कधीचे आहे आणि आपण ते कधी पाहिले, या दोन्ही तारखा लिहाव्यात. २००४ मध्ये स्थापन झालेल्या सोलापूर विद्यापीठाला २०१९ मध्ये पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांचे नाव मिळाले. शेजारचा अहमदनगर जिल्हा आता अहिल्यानगर आहे. जुन्या नावाने ठेवलेली खूण चुकीची नसते, ती त्या वेळची असते, आणि तारीख नसेल तर एवढेही कळत नाही. नाव बदलले म्हणून जुना टॅग पुसू नये, त्याच्याशेजारी नवा लिहावा.

काही पानांना मात्र खूण ठेवून उपयोगच नसतो, हे आधीच सांगितलेले बरे. सोलापूरच्या बाजार समितीतल्या कांद्याच्या रोजच्या भावाचे पान घ्या. पत्ता तोच राहतो, मजकूर रोज बदलतो. आजच्या भावाची खूण म्हणून ठेवलेला दुवा उद्या उद्याचा भाव दाखवतो. महाभूलेखावर गट क्रमांक भरून मिळणाऱ्या सातबाऱ्याला कायमचा पत्ताच नसतो. त्याची खूण उघडली की पुन्हा कोरा अर्ज समोर येतो. अशा ठिकाणी पानाची प्रत उतरवून घ्यावी लागते आणि सूचीत त्या प्रतीची नोंद करावी लागते. जी पाने सार्वजनिक आहेत आणि जाण्याची भीती आहे, त्यांची प्रत इंटरनेट अर्काइव्हच्या ‘वेबॅक मशीन’मध्ये आपणहून जमा करता येते. २००१ पासून सर्वांना खुले असलेले ते भांडार प्रचंड आहे. मग ते आहेच की, असे कोणी म्हणेल. पण त्याचा मुख्य दरवाजा पत्त्याचा आहे : मेलेल्या पानाचा जुना पत्ता दिला, तर ते जुनी प्रत दाखवते. तो पत्ता ज्याने विषयासह लिहून ठेवला, त्यालाच तिथे प्रवेश. म्हणजे वेबॅक मशीनमुळे सूचीची गरज संपत नाही, तिच्यावरच ते चालते. एक सावधगिरी या ओघात : बँकेची, आरोग्याच्या अहवालाची किंवा लॉगिननंतरची पाने सार्वजनिक सेवेत साठवू नयेत आणि सामायिक संगणकावर त्यांची खूणही ठेवू नये.

उरतो तो सर्वांत घरगुती आक्षेप. एवढे साठवून वाचणार कोण? बहुतेक खुणा पुन्हा कधी उघडल्याच जात नाहीत, मग हा नुसता लोभ नव्हे का? उघडल्या जात नाहीत हे मान्य. पण दाते सूचीतली प्रत्येक नोंद तरी कोणी वाचली आहे? सूची सलग वाचायची नसते. तिच्यातली कोणती नोंद कोणाला कधी लागेल हे आधी ठरवता येत नाही, म्हणूनच ती करायची असते. लोभ होतो तो नोंद न करता साठवल्यावर. एका पानाला टॅग द्यायला आणि एक वाक्य लिहायला अर्धे मिनिट लागते, आणि हे अर्धे मिनिटच चाळणीचे काम करते : ज्या पानाबद्दल एक वाक्यही लिहावेसे वाटत नाही ते साठवण्याजोगे नव्हते. जुन्या हजारो खुणांना आता बसून टॅग द्यायचा संकल्प मात्र कोणी करू नये. तो तडीस जात नाही. जी खूण कामासाठी पुन्हा उघडली जाईल तिलाच त्या वेळी नोंद जोडावी; उरलेल्या आहेत तशा पडू द्याव्यात.

टिकवण्याचा प्रश्न वाटतो त्यापेक्षा सोपा आहे. बहुतेक ब्राउझर सर्व वाचनखुणा एका साध्या एचटीएमएल फायलीत बाहेर काढून देतात, आणि त्या फायलीच्या पहिल्या ओळीत आजही ‘नेटस्केप’ हे नाव असते. १९९४ मध्ये आलेला नेटस्केप ब्राउझर २००८ मध्ये कायमचा बंद झाला. त्याने पाडलेला फायलीचा प्रघात मात्र क्रोम आणि फायरफॉक्स दोघेही पाळतात. एक अडचण ध्यानात ठेवावी. फायरफॉक्समध्ये २००८ पासून टॅग देता येतात, क्रोममध्ये टॅगची सोयच नाही, आणि एकीकडून दुसरीकडे जाताना टॅग गळून पडतात. यावर उपाय असा की टॅग वेगळ्या खान्यात न ठेवता खुणेच्या नावातच लिहावेत : आधी पानाचे मूळ शीर्षक, मग टॅग, मग ते एक वाक्य. नाव लांबलचक होते आणि दिसायला बरे दिसत नाही, पण कोणत्याही ब्राउझरात, कोणत्याही फायलीत ते शाबूत राहते आणि छापूनही काढता येते. सुबक पण एकाच कंपनीच्या हवाली असलेल्या सोयीपेक्षा ही ओबडधोबड पद्धत मला अधिक भरवशाची वाटते, आणि पुढच्या प्रकरणांत तीच सविस्तर सांगितली आहे.

ग्रंथपाल आणि शिक्षक यांना एक विनंती. सोलापूरविषयीच्या वाचनखुणा आज अनेकांच्या संगणकांत एकेकट्या पडून आहेत आणि त्या माणसांबरोबरच जातील. आपल्या वाचनालयात किंवा महाविद्यालयात येणाऱ्या अभ्यासकांकडून वर्षातून एकदा त्यांची खुणांची फाइल मागून घ्यावी, खासगी दुवे त्यांनाच वगळायला सांगावेत आणि उरलेल्या नोंदी एकत्र करून वाचकांसाठी ठेवाव्यात. ही पुस्तिका पुढे वाचण्यापूर्वी वाचकानेही आपल्या ब्राउझरातली फाइल एकदा बाहेर काढून पेन ड्राइव्हवर ठेवावी आणि फायलीच्या नावात आजची तारीख लिहावी.